ऐरोलीचा रोहित: आभासी पाळीव पक्षी घडवतानाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

आज जुनं अंडं उघडलं, म्हणजे लहानपणीचं अंड्याच्या आकाराचं खेळणं, ज्याच्या छोट्या पडद्यावर एक प्राणी पाळायचा. हे बान्दाई या जपानी कंपनीचं मूळ तामागोची नव्हे. ते २३ नोव्हेंबर १९९६ ला जपानमध्ये बाजारात आलं. ठाण्यात आमच्या नौपाड्यात पोचल्या त्या त्याच्या नकला, जांभळी नाक्यावर टांगलेल्या, किल्लीच्या साखळीसकट. माझं निळं. गेली कित्येक वर्षं ते सेल न काढता तसंच पडून होतं.

व्हायचं तेच झालं होतं. एलआर४४ चे दोन्ही सेल फुटून पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरट हिरवा थर. हे सेल अल्कलाइन असतात, म्हणजे गळतं ते अल्कधर्मी, त्यामुळे पाण्याने पुसत बसण्यात अर्थ नाही. कानकोरण्याच्या कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन बुडबुडे थांबेपर्यंत लावलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं केलं. एक पट्टी हात लावताच तुटली. मोडक्या रिमोटमधली पट्टी कात्रीने बारीक कापून तिच्या जागी सोल्डर केली.

सेल घातल्यावर पडदा लागला, पण मधल्या उभ्या ओळी गायब. अशा वेळी बहुतेक जण पडदा मेला म्हणून टाकून देतात. टाकू नका. काचेच्या आणि सर्किटच्या मध्ये रबराची एक पातळ पट्टी असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर एकाआड एक रचलेले असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. तिच्यावर धूळ बसली किंवा स्क्रू सैल झाले की ओळी जातात. पट्टीच्या दोन्ही कडा अल्कोहोलने पुसल्या, स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळले, सगळ्या ओळी परतल्या. आवाज मात्र नव्हता. आवाज काढणाऱ्या पिझो चकतीची केसासारखी तार निघाली होती, ती जोडली.

खर्च: सेल आणि अल्कोहोल मिळून १४० रुपये. वेळ: अख्खा रविवार.

२६ ऑक्टोबर

अंडं चालतंय, आणि त्याची मर्यादाही दिसली. सेल काढला की सगळं शून्य. आतला प्रोग्रॅम डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखाली बंद, त्यात काही बदलता येत नाही.

मला नेमकं काय हवंय, याचा आठवडाभर विचार केला. लहानपणी चित्रातल्या प्राण्यांची कमतरता नव्हती. या अंड्याचं वेगळेपण हे होतं की मी वर्गात असतानाही ते घरी जगत असायचं. आई स्वयंपाक करता करता त्याला भरवायची, आणि मी परत आले की 'तुझं ते दुपारी दोनदा ओरडलं' असं सांगायची. आपण बघत नसतानाही वेळ चालू राहणं, हाच त्याचा जीव. त्यामुळे जे काही बनवीन त्यात बाकी सगळं साधं चालेल, वेळ मात्र खरी पाहिजे.

तयार वाट आहे. मूळ तामागोचीत एप्सनची चार बिटांची चिप होती. तिची हुबेहूब नक्कल करणारी टॅमालिब नावाची लायब्ररी आहे आणि ती अर्डुइनोवरही, म्हणजे आपण प्रोग्रॅम करू शकतो अशा छोट्या सर्किट बोर्डवरही, चालवता येते. फक्त आतला मूळ प्रोग्रॅम बान्दाईच्या मालकीचा, तो लायब्ररीबरोबर येत नाही. या छंदातल्या लोकांनी ही खेळणी किती खोलवर वाचली आहेत याचं मला फार अप्रूप वाटतं. २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात नताली सिल्व्हानोविच यांनी नव्या तामागोचींचं आतलं काम कसं उलगडत नेलं ते सविस्तर मांडलं होतं. पण मला आपल्या ठाणे खाडीतलं काहीतरी पाळायचंय. ऐरोलीत राहते, हिवाळ्यात पुलावरून जाताना ओहोटीच्या चिखलावर गुलाबी रेघ दिसते. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठरलं.

३ नोव्हेंबर

लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं. अर्डुइनो नॅनोची नक्कल ३०० रुपये, ०.९६ इंची ओलेड पडदा २२०, डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल १६०, तीन बटणं, पिझो, ब्रेडबोर्ड आणि तारा मिळून १९०. दिवाळीत दुकानं लवकर बंद होतात, फोन करून जा.

नॅनो संगणकाला दिसेना. या नकलांवर युएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो टाकूनही प्रोग्रॅम चढेना. प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडल्यावर चढला. यात संध्याकाळ गेली. ज्यांचं अडलंय त्यांनी आधी हे दोन बघा, तार बदलत बसू नका.

१० नोव्हेंबर

पडदा कधी लागतो, कधी कोरा. कोडमध्ये दोन ओळी वाढवल्या की कोरा, काढल्या की सुरू. कंपायलर (कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) सांगतोय की निम्मी मेमरी शिल्लक आहे.

कारण सापडलं. नॅनोत रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या पडद्याचं पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवायला १०२४ बाइट लागतात. मी वापरत होते ती लायब्ररी ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपायलरच्या हिशेबात ती धरलेलीच नसते. माझी चित्रंही रॅममध्येच बसली होती. उपाय दोन: चित्रं प्रोग्मेम ही सूचना वापरून फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत, ढकलली (तिथे ३२ केबी आहेत), आणि यू८जी२ लायब्ररीच्या पान पद्धतीवर गेले. ती एका वेळी पडद्याची एकच पट्टी रंगवते, १२८ बाइटमध्ये भागतं. डोळ्याला फरक कळत नाही.

१६ नोव्हेंबर

चित्रांचं काम. मूळ तामागोचीचा पडदा ३२ गुणिले १६ ठिपक्यांचा. तेवढ्यात त्या लोकांनी रुसवा, झोप, आजारपण, सगळं बसवलं. मी १६ गुणिले १६ ने सुरुवात केली.

आधी पक्ष्याची माहिती नीट गोळा केली, कारण वाढीचे टप्पे खऱ्या पक्ष्याचे हवेत. रोहित चिखलाचा बुटका मनोरा रचून त्यावर बहुधा एकच अंडं घालतो. पिल्लू करडं असतं आणि त्याची चोच सरळ असते. बाक नंतर येतो. सुरुवातीला आई आणि बाप दोघंही त्याला घशातून पाझरणारं लालसर दूध भरवतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांमधल्या रंगद्रव्यातून. शिवाय ठाणे खाडीत ते घरटी करत नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्यांच्या विणीची मोठी जागा म्हणजे कच्छचं रण. म्हणून माझ्या खेळात अंड्याचा पडदा रणाचा, सपाट क्षितिज आणि मनोरा. खाडी आणि खारफुटी येते ती पक्षी उडायला लागल्यावर.

या माहितीमुळे खेळाचे नियम आपोआप ठरले. पिल्लाच्या मेन्यूत फक्त दूध. चोच वाकली की शेवाळ. आणि कसं पाळलं हे दाखवणारी खूण म्हणजे रंग, जशी तामागोचीत काळजीप्रमाणे मोठेपणीची रूपं बदलतात. पडदा एकरंगी, त्यामुळे रंग ठिपक्यांच्या दाटीने दाखवायचा: पिल्लू विरळ, नीट खाल्लेला मोठा पक्षी गच्च भरलेला.

कागदावर सुंदर होतं. पडद्यावर मोठा रोहित म्हणजे वाळूत पडलेला प्रश्नचिन्हाचा तुकडा.

२४ नोव्हेंबर

मावशी आली होती, तिने सोडवलं. तिने आयुष्यभर मॅटीच्या कापडावर फुल्यांचं भरतकाम केलंय. हत्ती, मोर, तुळशीवृंदावन, सगळं चौकटी मोजून. माझ्या भाच्याच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत मी काढलेला पक्षी बघून म्हणाली, "अगं, तू कडेलापण जाळी भरलीस. कड अखंड ठेव, जाळी पोटात भर. आणि डोळा काढू नकोस, तिथली फुली सोडून दे."

एवढंच. कड सलग, आत एकाआड एक ठिपके, डोळ्याच्या जागी एक ठिपका रिकामा. पक्षी दिसायला लागला. मान एका ठिपक्याची ठेवली की हलताना तुटल्यासारखी वाटत होती, ती दोन ठिपक्यांची केली. मोठ्या पक्ष्यासाठी मात्र १६ ची चौकट पुरेना. लांब पाय आणि मान दोन्ही दाखवायचे तर ३२ गुणिले ३२ हवेच. एक चित्र १२८ बाइट, फ्लॅशमध्ये भरपूर जागा आहे.

मग मावशी उठेचना. खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवणारा रोहित तिने भरला, दोन चित्रांत. एका पायावर झोपलेला तिसऱ्या पानावर. मी तो पाय बदलून दुसरं चित्र केलं, म्हणजे रात्री मधूनच तो पाय बदलतो. या अख्ख्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे आणि ती मावशीच्या हातची आहे.

पिक्सेलची चित्रं जमत नसतील तर घरात, शेजारी क्रॉसस्टिच करणारं कोणी आहे का बघा. संगणकावरच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त मिळेल.

८ डिसेंबर

आता वेळ. अर्डुइनोचा स्वतःचा मिलिसेकंदांचा मोजणीदार यासाठी निरुपयोगी. वीज गेली की शून्य, आणि स्वस्त नॅनोवरचा ठोके देणारा रेझोनेटर अर्धा टक्का चुकला तरी दिवसाला सात मिनिटं. डीएस३२३१ वर्षाला साधारण एक मिनिट चुकतं आणि स्वतःच्या नाणे-सेलवर चालत राहतं.

सावधान. बाजारात मिळणाऱ्या या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची जोडणी असते, रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण त्यात साधा सीआर२०३२ घालतो, जो चार्ज करायचा नसतो. तो फुगतो, फुटूही शकतो. माझा थोडा फुगलेला निघाला. सेलच्या वाटेवरचा छोटा डायोड किंवा त्याच्या शेजारचा २०१ छापलेला रेझिस्टर सोल्डरिंगने काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते आधी करा, मग सेल घाला.

दुसरा प्रश्न, पक्ष्याची अवस्था साठवायची कुठे. पहिल्यांदा दर मिनिटाला नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहीत होते. त्याचं आयुष्य एका जागी एक लाख वेळा लिहिण्याचं. दिवसाला १४४० मिनिटं, म्हणजे सत्तर दिवसांच्या आत हमी संपली. घड्याळाच्या मॉड्यूलवरच एटी२४सी३२ नावाची ४ केबीची वेगळी मेमरी असते, दहा लाख वेळा लिहिता येणारी, घड्याळाच्याच दोन तारांवर. तिथे गेले. आणि दर मिनिटाला लिहिणं बंद केलं. बदल झाला तरच.

२२ डिसेंबर

बॅटरी. ५०० एमएएचची छोटी लिथियम बॅटरी आणि चार्जरचं मॉड्यूल, मिळून ३१० रुपये. पडदा सतत चालू ठेवला की दिवसभरसुद्धा पुरेना.

इथे उमगलं की पक्ष्याला सतत चालवायची गरजच नाही. चिप झोपवायची. बटण दाबून जागी केली की घड्याळाला वेळ विचारायची, मधल्या तासांत भूक किती वाढली, झोप झाली का, एवढा हिशेब एका दमात करायचा. राहिला प्रश्न ओरडण्याचा. झोपलेली चिप ओरडणार कशी? तर झोपण्यापूर्वी पुढची भूक नेमकी कधी लागणार ते काढून डीएस३२३१ मध्ये तेवढ्या वाजताचा गजर लावायचा. गजराची तार नॅनोच्या डी२ या टोकाला. वेळ झाली की घड्याळ चिपला उठवतं, पिझो वाजतो, पडदा लागतो.

लिहून झालं, रात्री लावून झोपले, सकाळी बॅटरी ठार. गजर एकदा झाला की घड्याळ ती तार खाली धरून ठेवतं, जोपर्यंत आपण गजराची खूण पुसत नाही. मी पुसली नव्हती, म्हणून चिप झोपली की लगेच जागी, रात्रभर. खूण पुसायची एक ओळ घातली. नॅनोवरचा विजेचा लाल दिवाही काढून टाकला, तो फुकट खात होता. आता दोन चार्जमध्ये बरंच अंतर पडतंय, तरी नॅनोची युएसबी चिप काही ना काही ओढतेच. नव्याने करणाऱ्यांनी सरळ प्रो मिनी हा अर्डुइनो घ्यावा, त्यावर ती चिप नसते.

५ जानेवारी २०२५

डबी. थ्रीडी प्रिंटचा भाव ६५० सांगितला, तो नको वाटला. प्रवासातली साबणाची डबी ३० रुपयांना, झाकणात खिडकी कापली, बटणांची भोकं तापल्या खिळ्याने पाडली. प्लास्टिक कापताना एक डबी तडकली. पात्याने जोर लावू नका, हळूहळू ओरखडत जा. शेजारच्या ताईंनी क्रोशाचं गुलाबी कव्हर विणून दिलं, गळ्यात अडकवता येईल असं.

ते घालून ठाण्यात तलावपाळीला गेले. कोपरखैरण्याचा एक जुना मित्र त्याचं १९९७ चं डिजिमॉन हे तसलंच खेळणं घेऊन आला होता, ज्याच्या डोक्यावरच्या धातूच्या टोकांनी दोन प्राणी भिडवता येतात. त्याने आणखी दोघांना आणलं होतं. एकीकडे २००४ चं तामागोची कनेक्शन, इन्फ्रारेडने दुसऱ्याशी बोलणारं. तिने प्रत्येक पिढीची वही ठेवली आहे, जन्म, लग्न, मुलं, चित्रांसकट. तासन्‌तास बोललो. लहानपणी आम्ही फक्त कोणाचं किती जगलं एवढंच मोजायचो. आता प्रत्येकजण काहीतरी घडवून आणतो: कोणी कवच रंगवून, कोणी वही, कोणी चित्रं. मला हे लहानपणापेक्षा कितीतरी जास्त आवडलं, आणि ही माणसं माझ्यापासून पाऊण तासावर राहत होती.

मित्राने बघताक्षणी विचारलं, "मरतो कधी?"

मरत नाही. हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. उपाशी ठेवला तर फिका पडतो, पाठ फिरवून बसतो. आणि पावसाळा तोंडावर आला की उडून जातो, जसे खाडीतले बहुतेक रोहित जातात. नोव्हेंबरात परततो. मित्राला हे पटलं नाही. त्याच्या मते मरणाची भीती नसेल तर भरवायचं कशाला. मला वाटतं जाण्याची तारीख ठरलेली असेल तर माणूस जास्तच भरवतो. वाद मिटला नाही.

१९ जानेवारी

उडून जाण्याची चाचणी. घड्याळ पुढे करून १ जून लावलं. रोहित उडाला, खाडी रिकामी, ओहोटी-भरती चालू. घड्याळ १५ नोव्हेंबरवर नेलं. पक्षी आला, पण नवं अंडं म्हणून. भाचा शेजारी बसला होता, त्याला फार लागलं. "हा तो नाहीये, आत्या. ह्याची चोच सरळ आहे."

बरोबर होतं त्याचं. जाताना मी अवस्थेचा सगळा भाग पुसत होते. आता जन्मतारीख, रंगाची पातळी आणि नाव वेगळ्या जागी ठेवलं, ते कधीच पुसलं जात नाही. परतल्यावर वय एका वर्षाने वाढतं आणि रंग गेल्या वेळचाच. पुन्हा चाचणी घेतली. तोच आला. मग भाच्याने स्वतः दोनदा वर्ष फिरवून खात्री करून घेतली.

चाचणीसाठी घड्याळ पुढेमागे करताना एक पथ्य: मागे आणलं की मधला वेळ ऋण येतो आणि भूक एकदम कमाल होते. वेळ मागे गेलेली दिसली तर हिशेब सोडून द्यायचा, अशी अट घाला.

२६ जानेवारी

दुसरी डबी मित्रासाठी पूर्ण केली, प्रो मिनीवर. पहिलीचा एकूण खर्च, तडकलेली डबी आणि फुगलेला सेल धरून, १४०० च्या आसपास. दुसरीचा ९५० मध्ये झाला.

सोसायटीतल्या मुलांनी वह्यांतून आपापले प्राणी आणून दिलेत. एक खेकडा, एक कोल्हा (खारफुटीत सोनेरी कोल्हे असतात, हे त्या मुलीने मला सांगितलं), एक निवटी, म्हणजे चिखलात राहणारा मासा. निवटीचं चित्र फार चांगलं आहे, कल्ले फुगवून चिखलावर उडी मारणारी, तिला पहिली घेते. ज्यांना द्यायचंय त्यांनी १६ गुणिले १६ चौकटी, कमीत कमी दोन चित्रं, कड अखंड, डोळा रिकामा.

पुढचं काम दोन डब्यांमधली तार. मित्राचा आग्रह भिडवण्याचा आहे. मी एकाच्या खाडीत दुसऱ्याचा पक्षी चरायला जाईल असं लिहितेय. तीन तारा पुरतील: पाठवायची, घ्यायची आणि सामाईक ऋण (ग्राउंड). दोन्ही डब्यांवर हेडफोनचं साधं सॉकेट बसतंय का, ते या आठवड्यात बघते.